नववीच्या वर्गात गॉथिक : कावळा, घड्याळ आणि एक तक्रार

गोदाकाठचा मास्तर

नमस्कार. पाच-सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नाशिकमधल्या एका हायस्कूलात नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. शाळा मराठी माध्यमाची, दोन तुकड्या सेमी. कुमारभारतीचे धडे, पत्रलेखन, टेन्स, व्हॉइस यातच वर्ष सरतं. यंदा एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचे काही तास माझ्या गळ्यात पडले. अभ्यासक्रमाच्या पुढे होतो, म्हटलं या तासांत पोरांना असं काही वाचायला द्यावं की जे परीक्षेत येणार नाही. कॉलेजात असताना मला गॉथिकचं, म्हणजे इंग्रजीतल्या भयकथांचं, वेड होतं. पो, मेरी शेली, स्टोकर. तेच काढलं.

पहिल्या तासाला विचारलं, भीती वाटेल असं एक घर सांगा. पंचेचाळीसपैकी तीसेक हात वर, आणि उत्तर एकच, वाडा. कुणाच्या आत्याचा, कुणाच्या गल्लीतला, कुणी फक्त शाळेच्या रिक्षातून रोज बघतो तो. मग पोची १८३९ सालची अशरच्या घराण्याची गोष्ट घेतली, फक्त सुरुवातीचा परिच्छेद. वाक्यं लांबलचक, पोरांची दमछाक झाली. पण रिकाम्या डोळ्यांसारख्या खिडक्या आल्या तेव्हा वर्ग जागा झाला. पुढची गोष्ट मी तोंडी सांगितली. छतापासून निघून भिंतीवरून नागमोडी खाली येणारी, सहज न दिसणारी बारीक भेग, आणि शेवटी त्याच भेगेतून अख्खं घर दुभंगून समोरच्या काळ्या तळ्यात जातं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्यांना धोकादायक वाड्याची नोटीस आली नव्हती का?" हसू नका. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा बसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. या पोरांइतकं अशरचं घर लंडनच्या पोरांना तरी कळत असेल का?

दुसरा-तिसरा तास 'टेल-टेल हार्ट', १८४३. ही नववीला झेपते, कारण वाक्यं तुटक आहेत. सांगणारा मी वेडा नाही, मी वेडा नाही असं इतक्यांदा म्हणतो की तिसऱ्या ओळीतच पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. त्यात ज्या म्हाताऱ्याचा तो खून करतो, त्याच्या काळजाचा आवाज कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा येतो असं म्हटलंय. मी घरून गजराचं घड्याळ नेलं, जुन्या शालीत गुंडाळलं आणि तास सुरू व्हायच्या आधी कपाटात ठेवलं. प्रयोग फसला. बॅटरीवरचं घड्याळ, त्याचा आवाज तो किती! कपाटाशेजारच्या दोघींना ऐकू आलं, बाकीच्यांनी ऐकू आल्यासारखं केलं.

चौथ्या तासाला पोची 'द रेव्हन' ही कविता घेतली आणि तिथे माझी चूक झाली. वातावरण हवं म्हणून खिडक्या लावल्या, दिवे घालवले, मोबाइलच्या उजेडात वाचायला लागलो. बाहेर सप्टेंबरचा पाऊस. दुसऱ्या कडव्यात कवी गेलेल्या प्रेयसीची, लेनोरची, आठवण काढतो, तिथे तिसऱ्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली आणि उठून बाहेर गेली. तिच्या आजोबांचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते. रजेच्या अर्जात कारण लिहिलेलं होतं. मी अर्जावर सही केली होती, वाचला नव्हता.

दोन दिवसांनी एक पालक (तिचे नव्हेत, दुसरेच) मुख्याध्यापकांकडे आले. पितृपंधरवड्यात दारं-खिडक्या लावून पोरांना कावळ्याची आणि मेलेल्या बाईची कविता शिकवतात, हा काय प्रकार आहे? तिथी माझ्या डोक्यातही नव्हती. मुख्याध्यापक चांगले आहेत. "सर, जरा बघा," एवढंच म्हणाले. पण "जरा बघा" म्हणजे काय ते नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

अजून दोन-तीन तास हातात आहेत. सोडून देऊ की पुढे जाऊ? जायचं तर कुठली कविता? आणि तिसरं, कुणाकडे टकटक ऐकू येणारं जुनं चावीचं घड्याळ आहे का? आठवड्यापुरतं द्या.

चिवडा एक्स्प्रेस

पयला.

मास्तर, कपाटात घड्याळ ठेवायची काय गरज? नववी ब चा निकाल ठेवायचा. हृदयाचे ठोके आपोआप ऐकू आले असते.

जुनं बाड

धागा आवडला. चौतीस वर्षं हाच धंदा केला, आता निवृत्त. थोडी भर घालतो, पोरांना सांगायला उपयोगी पडेल.

गॉथिक म्हणजे भुताची गोष्ट, हे समीकरण आधी मोडा. गॉथ ही जर्मानिक टोळी. त्यांच्यातल्या एका शाखेने इसवी सन ४१० मध्ये रोम लुटलं. पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांना मध्ययुगातली टोकदार कमानींची चर्चं आवडेनात, तेव्हा त्यांनी त्या बांधकामाला गॉथांचं काम म्हणून हिणवलं. म्हणजे शब्द मुळात शिवीच. १७६४ च्या डिसेंबरात हॉरेस वॉलपोलने 'कॅसल ऑफ ऑट्रान्टो' छापली. स्वतःचं नाव न घालता, जुन्या इटालियन पोथीचं भाषांतर म्हणून. लोकांनी उचलून धरल्यावर दुसऱ्या आवृत्तीत आपलं लेखकपण कबूल केलं आणि नावाखाली 'एक गॉथिक गोष्ट' असं लावलं. गोष्ट सुचली स्वप्नात. मोठ्या जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक अवाढव्य हात त्याला दिसला होता. नववीच्या पोरांना हा हात आवडतो, स्वानुभव आहे.

आता मास्तर, तुमच्या कामाची गोष्ट. गॉथिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या अ‍ॅन रॅडक्लिफचा एक निबंध ती गेल्यावर, १८२६ मध्ये छापला गेला. त्यात ती दोन प्रकारची भीती वेगळी काढते. एक भीती मनाला ताणते, कान टवकारायला लावते. दुसरी गोठवते. पहिली अंधुकातून येते, दुसरी थेट समोर ठेवल्यावर. पहिलीसाठी दिवे घालवावे लागत नाहीत. ओळीतच अंधार असतो. शिक्षकाने खोलीत अंधार केला की कविता रिकाम्या हाताने उभी राहते.

गोदाकाठचा मास्तर

सर, लागलं. पण बरोबर आहे.

टिटवी

अवांतर, पण राहवत नाही. रेव्हनला वर्गात डोमकावळा म्हणाला असाल तर दुरुस्त करा. डोमकावळा म्हणजे आपला जाड चोचीचा पूर्ण काळा कावळा, गंगापूर धरणाकडे जाताना भरपूर दिसतो. रेव्हन त्याहून कितीतरी मोठा, घारीएवढा म्हणा. गळ्याशी पिसांची दाढी, उडताना शेपूट पाचरीसारखी. आपल्याकडे तो नाही. राजस्थान-कच्छच्या वाळवंटी भागात आणि हिमालयात आहे. मी नांदूरमध्यमेश्वरला वीस वर्षं जातोय, एकदाही दिसलेला नाही. रामकुंडावर असतो तो बहुतेक करड्या मानेचा गावकावळा.

पाळलेला रेव्हन माणसासारखे शब्द काढतो, हे मात्र कवितेतलं खरं आहे. डिकन्सने ग्रिप नावाचा रेव्हन पाळला होता आणि एका कादंबरीत घातलाही होता. पोने त्या कादंबरीवर लिहिताना म्हटलं होतं की या पक्ष्याचा अजून चांगला उपयोग करता आला असता. तीन-चार वर्षांनी त्याने स्वतःच तो केला. डिकन्सचा पेंढा भरलेला ग्रिप आज फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक वाचनालयात आहे.

चिवडा एक्स्प्रेस

म्हणजे समीक्षा लिहिता लिहिता कावळा ढापला.

दोन मुलांची आई

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझा मोठा नववीत आहे (तुमच्या शाळेत नाही). तक्रार करणाऱ्या पालकांची इथे थट्टा होईल असं वाटलं म्हणून लिहितेय. घरात माणूस गेलेलं असतं तेव्हा ते पंधरा दिवस कसे जातात हे मुलं बाहेर सांगत नाहीत. माझे सासरे गेले तेव्हा मुलगा सहावीत होता. दहाव्याला रामकुंडावर आम्ही दीड तास उभे होतो. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पिंडाकडे एक फिरकेना. एकेक जण पुढे होऊन बोलत होता, अण्णा, शेत विकणार नाही, अण्णा, धाकटीचं लग्न करून देऊ. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. माझा मुलगा त्यानंतर कित्येक महिने गॅलरीत कावळा आला की आत पळायचा. त्याला वाटायचं अण्णा रागावून गेले. अशा मुलासमोर अंधारात कावळ्याला "ती मला पुन्हा भेटेल का" विचारणारी कविता वाचली तर?

शिकवू नका असं माझं म्हणणं नाही. पण विचारल्याशिवाय नको. आणि त्या मुलीशी नंतर बोललात का, ते लिहिलेलं नाही तुम्ही.

गोदाकाठचा मास्तर

ताई, राग कसला. बोललो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला गाठून म्हटलं, बाळा, माझं चुकलं, मला माहीत असायला हवं होतं. ती "ठीक आहे सर" म्हणाली आणि डबा खायला गेली. यापेक्षा जास्त काही झालं नाही, उगाच गोष्ट रंगवणार नाही. पुढच्या तासाला येऊ नकोस, वाचनालयात बस, असंही सांगितलं होतं. ती आली. मागे बसली.

तुम्ही रामकुंडाचं लिहिलंत म्हणून सांगतो, मूळ धाग्यात मुद्दाम टाळलं होतं, कारण त्याचं काय करावं मलाच कळत नव्हतं. पाचव्या तासाला खिडक्या सताड उघड्या ठेवून उरलेली कविता वाचली. कवी पक्ष्याला विचारत सुटतो. माझ्या दुःखावर औषध आहे का? नेव्हरमोअर. स्वर्गात तरी लेनोर भेटेल का? नेव्हरमोअर. पक्ष्याला तेवढा एकच शब्द येतो, 'पुन्हा कधी नाही' या अर्थाचा, हे त्याला आधीपासून कळलेलं आहे. मी फळ्यावर लिहिलं, मग तो विचारतो कशाला? कुणाला वेड लागलं म्हणून, कुणाला आशा म्हणून. एक मुलगा आहे, त्याच्या घरचे घाटावर पूजेचं सामान विकतात. एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तो बसल्या बसल्याच म्हणाला, "सर, कावळ्याला विचारायचं नसतं. शब्द द्यायचा असतो."

पुढे मला पाच मिनिटं काही शिकवता आलं नाही.

जुनं बाड

मास्तर, त्या पोराला माझा नमस्कार सांगा. पोने १८४६ मध्ये, म्हणजे कविता छापून आल्यानंतर वर्षभराने, ती कशी रचली यावर निबंध लिहिला. त्यात खुबीने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही. आधी पोपट घेणार होतो म्हणे, आणि 'ओ' व 'र' हे ध्वनी घुमतात म्हणून नेव्हरमोअर हा शब्द निवडला म्हणे. सगळं हिशेबाने, गणितासारखं. पण एक गोष्ट त्यात खरी आहे. तो म्हणतो, उत्तर काय येणार हे त्या माणसाला ठाऊक आहे, म्हणूनच तो असे प्रश्न निवडतो की उत्तराने जास्तीत जास्त घाव बसावा. त्याला त्या दुःखाची चटक लागलेली आहे.

तुमच्या विद्यार्थ्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं काहीतरी अडलेलं असतं आणि जिवंत माणूस ते सोडवतो. त्या कवितेत गेलेली बाई गप्प आहे, तिला काय हवं होतं हे कुणी विचारतच नाही. अडकलेला आहे तो जिवंत माणूस. शेवटच्या कडव्यातही त्याचा जीव त्या पक्ष्याच्या सावलीतून उठत नाही, तो याच अर्थाने. ही कविता मी आयुष्यभर शिकवली. कावळा शिवणं आणि ही कविता शेजारी ठेवून बघायचं मला एकदाही सुचलं नाही, आणि मी पंचवटीत राहतो.

सुलू मावशी

सगळं ठीक आहे हो, पण एक विचारू? भीतीच वाचायची तर मराठीत काय कमी आहे? नारायण धारप, रत्नाकर मतकरी. धारप सोडाच, मतकरींच्या कथेत तर भूतही लागत नाही, साध्या ब्लॉकमधल्या मध्यमवर्गीय घरात अंगावर काटा येतो. सार्वजनिक वाचनालय आहे आपल्याकडे, १८४० सालापासूनचं. आमच्या लहानपणी एक रुपया डिपॉझिट भरून आम्ही धारपांच्या मागे रांगा लावल्या. आणि पोरं बिचारी तिकडे बाल्टिमोरचा दारुडा वाचतायत.

गोदाकाठचा मास्तर

मावशी, तास इंग्रजीचा आहे, मराठीच्या बाईंचं खातं मी कसं घेऊ? पण धारप वाचलेली तीन पोरं वर्गात निघाली. घरच्या माळ्यावरून काढून वाचलीत. त्यांना पो कमी भीतीदायक वाटला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

सुलू मावशी

बघा!

आणि ते नेव्हरमोअर मराठीत कसं करणार? मी दुपारभर तेच करत बसले. "कदापि नाही" म्हणजे सरकारी पत्र वाटतं. "पुन्हा कधी नाही" कावळ्याच्या चोचीत मावत नाही. "नाहीच"?

चिवडा एक्स्प्रेस

"आता नाही."
मंत्रालयात विचारा, तिथले सगळे रेव्हन हेच म्हणतात.

माळवद

"परतुनी ना"? नाही जमत. 'ओ'चा घुमारा जातो. सोडून द्या मावशी, पक्ष्याला इंग्रजीतच बोलू दे.

वाड्यावरून लिहायचं होतं. मी जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलो. दोन चौक, आड, माळवद, खाली तळघर. माजघराच्या मागे एक खोली होती, कायम कुलूप. आम्हा पोरांना सांगितलेलं की तिकडे जायचं नाही. चुलतभावाने मला शपथेवर सांगितलं होतं की आत एक बाळंतीण आहे. रात्री त्या दारावरून परसात जायचं म्हणजे मी डोळे मिटून, भिंतीला हात लावत पळायचो. तो गार चुन्याचा स्पर्श अजून तळव्यात आहे.

कॉलेजात गेल्यावर कळलं की आमच्या वाड्यात भूत नव्हतं, दावा होता. पणजोबांच्या दोन मुलांत वाटणी, त्यातली ती वादातली खोली, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कुणी उघडायची नाही. निकाल लागला तेव्हा दोन्ही पक्षकार वर गेलेले. दार उघडलं तर आत तांब्याचा एक बंब, फुटकी पाळण्याची खुरं आणि उंदरांनी खाल्लेली कागदपत्रं. पाळणा बघून मात्र मी दोन पावलं मागे आलो होतो, कबूल करतो.

जुनं बाड

माळवदराव, हे तर थेट वॉलपोलच! ऑट्रान्टोची गोष्ट भुताची म्हणतात, पण मुळात ती मालमत्तेचीच आहे. गढीच्या सध्याच्या मालकाच्या आजोबाने खऱ्या धन्याला विष घालून गढी बळकावलेली असते. तो धनी नातवाच्या काळात अवाढव्य होऊन परत येतो आणि भिंती पाडतो. पुढच्या अडीचशे वर्षांतल्या निम्म्या गॉथिक कादंबऱ्यांत कुलूपबंद खोली, मृत्युपत्र आणि खोटा वारस सापडतो. नववीच्या पोरांना भाऊबंदकी शिकवावी लागत नाही.

खाली-भरी

मी तबला शिकवतो, कविता-बिविता आपला प्रांत नव्हे. पण मास्तरांनी रेव्हन मोठ्याने वाचली म्हणताय तर एक सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने मागे ती मोबाइलवर ऐकवली होती आणि माझी बोटं आपोआप गुडघ्यावर चालायला लागली. पहिली ओळ मोजून बघा. वन्स-अ-पॉन-अ मिड-नाइट-ड्रिअ-री, व्हाइल-आय-पॉन-डर्ड वीक-अँड-वेअ-री. सोळा. सरळ तीनताल. दर विषम मात्रेवर वजन. दुसरी ओळ पंधरा, शेवटची मात्रा रिकामी सोडलीय, श्वासाला. तिसरी सोळा, चौथी-पाचवी पंधरा-पंधरा. सहावी ओळ, ती नथिंग मोअर किंवा नेव्हरमोअरवाली, फक्त सात, अधिक एक रिकामी. आठ.

म्हणजे एका कडव्यात साडेपाच आवर्तनं (सोळा मात्रांचं एक). पहिलं कडवं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सुरू केलंत तर दुसरं बरोबर नवव्या मात्रेवर, म्हणजे जिथे ठेक्याचा जोर उतरतो त्या 'खाली'वर पडतं. तिसरं पुन्हा समेवर. कडवी अठरा, म्हणजे एकूण नव्व्याण्णव आवर्तनं आणि कविता हिशेबात संपते. त्या साहेबाला तीनताल माहीत असायचं काही कारण नाही, पण पोरांना ठेका धरून म्हणायला लावा, पाठ होईल.

गोदाकाठचा मास्तर

साहेब, काय सांगू! आत्ता घरात टेबलावर ठेका धरून तीन कडवी म्हटली. बायको दार उघडून बघून गेली. दुसरं कडवं 'खाली'वर पडतं तेव्हा आवाज आपोआप उतरतो, आणि त्याच कडव्यात तो डिसेंबरची आठवण काढतो. व्याकरणाच्या पुस्तकात याला ट्रोकेइक ऑक्टामीटर म्हणतात. ते नाव मी फळ्यावर लिहिलं होतं आणि अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर शटर पडलं होतं. सोळा मात्रा म्हटलं असतं तर तबल्याच्या क्लासला जाणारी चार-पाच पोरं तरी जागी राहिली असती.

टिटवी

ओळी किती होतात मग? अठरा सक १०८. जपमाळच की.

तिसरी पाळी

मी अंबडला कंपनीत आहे. इंग्रजी दहावीपुरतं. पण माकडाच्या पंजाची गोष्ट मला माहीत आहे, मुलीने वाचून दाखवली होती. ती या गॉथिकात येते का? येत असेल तर ती घ्या मास्तर.

त्यात म्हातारा वाळलेल्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो. घराचं कर्ज फेडायला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातला माणूस दारात येतो. मुलगा मशीनमध्ये अडकून गेला. आणि तो माणूस काय म्हणतो, तर कंपनीची कसलीही जबाबदारी नाही, पण त्याच्या कामाची कदर म्हणून काही रक्कम देत आहोत. किती? दोनशे पौंड.

मुलीला वाटलं गोष्टीतली भीती शेवटी आहे, रात्री दारावर टकटक होते तिथे. मी म्हटलं नाही गं, भीती इथे आहे. "जबाबदारी नाही, पण रक्कम देतो." हे वाक्य मी शॉपफ्लोअरवर मराठीत ऐकलंय. ज्याच्यासाठी ऐकलं तो माझ्याच लाइनवर होता.

जुनं बाड

येते, नक्की येते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची गोष्ट, १९०२ ची. पंजा हिंदुस्थानातून आलेला असतो, इथल्या एका फकिराने भारलेला आणि एका सार्जंट-मेजरने सोबत नेलेला. इंग्रज लेखकांची ती सवयच, अरिष्ट यायचं ते वसाहतीतून. यावरही वर्गात बोलता येईल. पण तिसरी पाळी म्हणतात ते त्याहून महत्त्वाचं आहे. आमच्या गाईडांमध्ये त्या वाक्याखाली कधी रेघ मारलेली बघितली नाही.

दोन मुलांची आई

गोष्ट चांगली आहे. पण मास्तर, वर्गात सातपूर-अंबडची मुलं असतील. आधी विचारा.

गोदाकाठचा मास्तर

विचारीन. या वेळी अर्जही वाचीन.

दोन मुलांची आई

कवितेबद्दल विचारलं होतंत ना. मला इंग्रजी साहित्य कळत नाही, पण आमच्या वेळी शाळेत वॉल्टर डी ला मेअरची 'द लिसनर्स' होती. चांदण्यात एक घोडेस्वार जंगलातल्या घराच्या दारावर थाप मारतो, कुणी आहे का विचारतो. आतून कुणी बोलत नाही. घरात सावल्या मात्र जिन्यावर दाटीने उभ्या राहून ऐकत असतात. निघताना तो ओरडून सांगतो, मी आलो होतो म्हणून सांगा, मी शब्द पाळला म्हणून सांगा. तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य वाचलं आणि तीस वर्षांनी ती एकदम आठवली. त्यात मेलेली बाई नाही, रक्त नाही, काही नाही.

जुनं बाड

ताई, साहित्य कळत नाही म्हणताय आणि नेमकी तीच काढलीत. १९१२ ची कविता. शब्द कुणाला दिला, कशाचा दिला, हे कवीने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. दिवसाउजेडी वाचा. रॅडक्लिफबाई म्हणतात ती पहिल्या प्रकारची भीती त्यात काठोकाठ आहे.

माळवद

मास्तर, घड्याळाचं काय झालं? वाड्यातल्या सामानातून माझ्याकडे एक चावीचं टेबलघड्याळ आलंय. काच तडकलीय, वेळ दिवसाला वीस मिनिटं मागे पडते, पण आवाज असा की बायको बेडरूममध्ये ठेवू देत नाही. कामाचं आहे का?

गोदाकाठचा मास्तर

कामाचं म्हणजे! आजच व्यक्तिगत निरोप करतो.

गोदाकाठचा मास्तर

उशिरा अपडेट देतोय, सत्र परीक्षेचे पेपर आले मध्ये.

'लिसनर्स' सोमवारी झाली. खिडक्या उघड्या, दिवे चालू, शेजारच्या वर्गात सातवीचे पाढे. आदल्या शनिवारी पोरांना सांगितलं होतं की कविता रिकाम्या घराबद्दल आहे, कुणाला नको असेल तर वाचनालयात बसा, कारण विचारणार नाही. दोघं गेले. ती मुलगी गेली नाही.

मी दोनदा वाचली आणि एकच प्रश्न दिला, मराठीत उत्तर चालेल. याने शब्द कुणाला दिला असेल? नऊ जणांनी उसने पैसे लिहिले. तिघांनी लग्नाचं वचन. एकाने लिहिलं, "लहानपणी त्या घरात लपाछपी खेळताना, मी येईपर्यंत बाहेर येऊ नका असं तो म्हणाला होता आणि विसरून गेला." हे वाचून मात्र सर म्हणतात त्या पहिल्या प्रकारची भीती स्टाफरूममध्ये, भर दुपारी, चहा पिताना वाटली. घाटावरच्या मुलाने दोन शब्द लिहिलेत, "माहीत नाही." आणि कुणीही न सांगता त्या घोडेस्वाराच्या घोड्याचं चित्र काढलंय, खाली मान घालून गवत खातोय.

पंजाची गोष्ट दिवाळीनंतर. तिसरी पाळी, ते वाक्य तुमच्याच शब्दांत सांगितलं तर चालेल ना?

माळवदराव, घड्याळ मंगळवारी कपाटात ठेवलं, तीच शाल. शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला. 'टेल-टेल हार्ट'चं शेवटचं पान पोरांनी स्वतःहून पुन्हा वाचायला लावलं. फक्त गजर कुठून बंद होतो ते मला सापडलं नाही आणि तो मुख्याध्यापकांच्या राउंडला वाजला. परत द्यायला कधी येऊ?

तिसरी पाळी

चालेल. माझं नाव नको.

माळवद

घाई नाही. राहू द्या शाळेत. गजराची खुंटी मागे उजवीकडे आहे, बाहेर ओढली की बंद. आणि चावी आठ वेढ्यांच्या वर देऊ नका, स्प्रिंग आजोबांच्या वेळची आहे.